जत्रेच्या आधीची गोळी

माझं तोंड जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मी माणदेशातली. "तुमच्याकडं पाणी कमी, त्यामुळं बोलण्यातबी ओलावा कमी," असं आमच्या दवाखान्यातले फार्मासिस्ट भाई मला तोंडावर म्हणायचे. मग मीही, "आणि तुमच्याकडं पाणी जास्त, म्हणून गावाचे पाय सुजलेले," असं म्हणून फिटंफाट करायचे. भाई इस्लामपूरचे. रोज मोटारसायकलवरून यायचे, डबा माझ्याबरोबर खायचे आणि दवाखान्यातल्या कुठल्याही भांडणात पडायचे नाहीत. मी वैद्यकीय अधिकारी, म्हणजे भांडणं माझ्या वाट्याला.

दवाखाना म्हणजे वाळवा तालुक्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. गावापासून जरा लांब, चारी बाजूंनी ऊस. मी रुजू झाले त्याच वर्षी दिवाळीनंतर जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. गाऊटच्या गोळ्यांचं काय चाललंय ते बघा, म्हणाले. गाऊट म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे बारीक खडे सांध्यात बसतात तो आजार. बहुतेकदा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. अंगठा असा लालभडक होऊन ठणकतो, की अंगावरच्या चादरीचं टोक लागलं तरी माणूस ओरडतो. त्यावरच्या गोळ्या आमच्याकडं वर्षभर पडून असायच्या, मुदत संपायला यायची, आणि चैत्र तोंडावर आला की एकदम खडखडाट. मग आमची तातडीची मागणी जायची. तिथल्या साहेबांचं म्हणणं असं, की आजार वर्षभराचा आणि गोळ्या एकाच महिन्यात कशा संपतात? प्रश्न रास्त होता.

मी भाईंना विचारलं, "चैत्रात कोण येतं एवढं?"

"सगळं गाव येतंय," भाई म्हणाले. "आधीचे डॉक्टर लिहून द्यायचे, मी द्यायचो. पाय दुखतोय म्हणालं की विषय संपला."

कागदावरून काही कळणार नाही हे उघड होतं. मग आम्ही असं ठरवलं, की ज्यांनी ज्यांनी युरिकची गोळी नेली आहे त्यांना बाजारच्या दिवशी बोलवायचं, आणि घरात उरलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगायच्या. घरोघर फिरणाऱ्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्यसेविकांनी, निरोप पोचवला. माणसं आली, आणि पिशव्याही आल्या. काय एकेक नमुना! एकानं कात्रीनं पाकिटाचे तुकडे करून ते चार भावांत वाटून घेतले होते. एका बाईनं नवऱ्याची गोळी स्वतःच्या टाचदुखीला खाल्ली होती, आणि गुण आला म्हणून जावेलाही दिली होती. एक बाबा म्हणाले, "दुखलं की घेतो, थांबलं की ठिवतो. फुकाट कशाला खायाची?"

"बाबा, ही दुखण्याची गोळी नाहीच," मी म्हटलं. "ही युरिक कमी करायची गोळी. रोज घ्यायची. दुखो न दुखो."

"दुखत नसताना औशीद?" बाबांनी भाईंकडं असं बघितलं, की डॉक्टरीणबाईंचं डोकं फिरलंय का, हे त्यांनीच सांगावं.

दुपारपर्यंत माझा आवाज बसला. मी जेवायला उठणार, तेवढ्यात हवालदार आले. फौजेतून रिटायर झालेला माणूस, साठीला टेकलेला, उंचापुरा, सात वर्षांपासून अंगठ्याच्या दुखण्यानं गांजलेला. गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. एका पायात पॉलिश केलेला बूट, दुसऱ्या पायात रबरी चप्पल, आणि मागं पिशवी धरून त्यांची बायको. हवालदार खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "मॅडम, बाकीचं ऱ्हाऊ द्या. मला येत्या जत्रंत काठी धरायची हाय. काय बी करा."

काठी म्हणजे सासनकाठी. दोनमजली घराएवढा उंच वेळू, त्याला रंगीत फेटे आणि तुरे बांधलेले. चारी बाजूंनी माणसं दोर धरून तोल सांभाळतात, पण मधला माणूस एकटा. तो काठीचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात धरून अनवाणी नाचत देवळापर्यंत नेतो. त्या गावात हा मान हवालदारांच्या घराचा. पण मागच्या दोन जत्रांना नेमका त्यांचा पाय सुजला, आणि काठी चुलतभावानं धरली.

"मग या वर्षीही त्यांनी धरली तर काय बिघडलं?" मी आपलं सरळ विचारलं.

त्यांच्या बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी जीभच चावली. हवालदारांनी मात्र शांतपणे समजावून सांगितलं. "आमच्यात असं हाय मॅडम. लागोपाठ तीन जत्रा एका घरानं काठी धरली न्हाई, तर मान भावकीतल्या पुढच्या घरात, म्हंजे ह्या चुलतभावाकडं जातो. एकदा गेला की गेला. मला दोन पोरी, दोघी बी सासरी. घरात धरणारा मीच. दोन जत्रा खाटंवर गेल्या. ही तिसरी."

मग मला त्यांची तळमळ कळली. पिशवी उघडून बघितली, तर गोळ्या भरपूर होत्या. "कधी घेता या?"

"जत्रंच्या आधी आठ दिस. गावात सगळंच घेत्यात."

"सगळेच? का?"

हवालदारांना माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी. "आवं, जत्रंत मटान असतंय की! पाव्हणं येत्यात, त्यांच्यासंगं ताटाव बसावं लागतंय, न्हाई म्हणता येत न्हाई. मटान खाल्लं की युरिक वाढतंय. म्हणून आधीच गोळ्या खाऊन ठिवायच्या. तयारी म्हणून."

भाई काउंटरच्या आत हसू दाबत उभे होते. मी त्यांच्याकडं रोखून बघितलं. चैत्रातला खडखडाट एका वाक्यात उलगडला होता. सगळं गाव मटणाच्या तयारीला लागायचं, आणि आमचं कपाट रिकामं व्हायचं. मला एकीकडं हसू येत होतं, आणि दुसरीकडं इतका राग आला होता की टेबलावर डोकं आपटावं. पण मग दुसरी गोष्ट डोक्यात खटकली.

"हवालदार, पाय सुजला तो मटण खाल्ल्यावरच ना?"

"न्हाई," मागून त्यांची बायको म्हणाली. "मटान दुसऱ्या दिवशी असतंय. पैल्या दिवशी पुरणपोळीचा निवद आन काठी. ह्यांचा पाय पैल्याच दिवशी सुजतोय. दोन्ही वर्सं मटनाला शिवायच्या आधीच."

"आणि बाकीच्यांचे?"

"लय जणांचं तसंच," हवालदार म्हणाले. "गेल्या साली दोर धरणारं दोघं लंगडत हुतं."

तिथं मला ते कळलं. या गोळीची एक खोड आहे. ती नव्यानं सुरू केली की सांध्यात बसलेले खडे हलायला लागतात, आणि ते हलले की उलट पाय सुजतो. म्हणून ती शांतपणे, थोडी थोडी सुरू करायची, सुरुवातीचे काही महिने सोबत कोल्चिसिनची लहान गोळी द्यायची म्हणजे पाय सांभाळला जातो, आणि मग ती सोडायची नाही. आमचं गाव मात्र दर वर्षी जत्रेच्या तोंडावर ती नव्यानं सुरू करायचं आणि जत्रा झाली की बंद करायचं. मटण बिचारं बदनाम झालं होतं. माणसं पाय वाचवायला जी गोळी खात होती, तीच त्यांना बरोबर जत्रेच्या दिवशी पाडत होती.

मी हे सांगितलं तेव्हा हवालदारांनी पिशवीतलं एक पाकीट हातात घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मी दोन वर्सं माझ्याच हातानं..." आणि पाकीट परत पिशवीत टाकलं. त्यांच्या बायकोनं पदरानं तोंड पुसलं. मला त्यांचं खरंच वाईट वाटलं.

जत्रेला अजून चारपाच महिने होते. मी रक्त तपासायला दिलं, किडनी कशी आहे ते बघितलं, आणि दोन्ही गोळ्या सुरू केल्या. मोठी गोळी कमीत कमी, हळूहळू वाढवायची, आणि सोबत लहान. "आता नीट ऐका," मी म्हटलं. "दुखलं तरी घ्यायची, नाही दुखलं तरी घ्यायची. मध्ये एखाद्या वेळी सुजेल, तरी बंद करायची नाही. काठी धरायची आहे ना?"

"व्हय," हवालदार उठून उभे राहिले. जवळजवळ सलाम ठोकलाच त्यांनी.

त्यानंतर मी आणि भाईंनी बाकीच्यांनाही तेच सांगायचा सपाटा लावला. भाईंनी पाकीट देताना प्रत्येकाला विचारायचं, ही जत्रेसाठी नेताय का, आणि हो म्हणालं की माझ्याकडं पाठवायचं. मी आशाताईंच्या बैठकीत बोलले, दूध डेअरीसमोर बोलले. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे. "मॅडम म्हणत्यात जत्रंच्या आधी खाऊ नका, म्हंजे आमी मटान बी खायाचं न्हाई का?" असा प्रश्न हमखास यायचा. मटण खा हो बाबांनो, पण बेतानं, आणि गोळी एक तर वर्षभर घ्या, नाहीतर जत्रेच्या तोंडावर मुळीच हात लावू नका, हे मी इतक्या वेळा सांगितलं की घरी भाजी चिरतानासुद्धा तेच तोंडात येत होतं. काहींनी ऐकलं, बऱ्याच जणांनी नाही. गोळ्या गावातल्या मेडिकलमध्येही मिळत होत्याच.

हवालदार मात्र शिस्तीचे. दर महिन्याला ठरल्या दिवशी हजर. संक्रांतीच्या सुमाराला त्यांचा अंगठा एकदा सुजला, तेव्हा ते ट्रॅक्टरवर बसून आले, आणि दारातूनच ओरडले, "मॅडम, गोळी बंद किली न्हाई! सांगून ठिवतो!" मी हसले, दुखण्यावर दुसरं औषध दिलं, आणि चारपाच दिवसांत पाय उतरला. त्यानंतर परत सुजला नाही. फाल्गुनात आले तेव्हा दोन्ही पायांत बूट होते. रक्तातलं युरिकही चांगलं उतरलं होतं. लहान गोळी अजून काही महिने चालू ठेवायची म्हणून मी त्यांना जत्रा उरकून पुरेल एवढी देऊन ठेवली. जाताना म्हणाले, "मॅडम, भाई, पैल्या दिवशी जेवायला याचं. काठी बघायला याचं."

"येणार," मी म्हटलं. माझी मलाच गंमत वाटत होती. आयुष्यात मी कुठल्या जत्रेची एवढी वाट बघितली नव्हती.

जत्रेच्या दिवशी ओपीडी उरकून मी आणि भाई भाईंच्या मोटारसायकलवरून गेलो. उन्हाचा नुसता जाळ. गावात पाय ठेवायला जागा नव्हती, पाळणे लागले होते, आणि हलगीवाले कुठंतरी लांब हात मोकळे करत होते. हवालदारांच्या दारात मांडव होता, आत पाहुण्यांच्या पंगती. त्यांची बायको आम्हाला बघून पुढं आली, पण तिचा चेहरा उतरलेला होता. तिनं घराच्या पुढच्या सोप्याकडं हात केला.

सोप्यात खाटेवर हवालदार. डाव्या पायाखाली दोन उशा. अंगठा टोमॅटोसारखा लाल.

"कधी?" मी विचारलं.

"पहाटं," ती म्हणाली.

"गोळ्या घेत होता ना? हवालदार, गोळ्या?"

हवालदार छताकडं बघत होते. बायकोच म्हणाली, "दिल्या त्यांनी."

"दिल्या? कुणाला दिल्या?"

मग ते सगळं कळलं. चारपाच दिवसांपूर्वी तिन्हीसांजेला चुलतभाऊ भिंत धरत धरत आला होता. त्यानं गावाच्या रीतीप्रमाणे जत्रेची म्हणून गोळी सुरू केली होती, आणि पाय असा सुजला होता की टेकवेना. दवाखान्यात यायची त्याला लाज वाटली. मी डेअरीसमोर घसा फोडून सांगत होते तेव्हा हाच माणूस मागं उभा राहून खिदळत होता. पाव्हणे यायचे होते, घरात लेकीचं बाळंतपण होतं, आणि पायामुळं झोप नव्हती. हवालदारांची लहान गोळी लय भारी आहे, असं त्यानं ऐकलं होतं. हवालदारांनी लहान गोळ्या होत्या नव्हत्या तेवढ्या त्याच्या हातात ठेवल्या. आपला पाय तर बरा आहे, उद्या दवाखान्यातनं दुसऱ्या आणू, असं म्हणाले. उद्या मांडव घालायचा निघाला, परवा पाव्हणे उतरले, आणि उन्हातानात पाणी प्यायचीही शुद्ध राहिली नाही. ज्या गोळीनं पाय सांभाळला होता तीच नेमकी तेवढे दिवस नव्हती.

आणि चुलतभावाचा पाय उतरला होता. तो आता देवळापाशी कमरेला पट्टा बांधत होता.

माझा ताबाच सुटला. "हवालदार, अक्कल गहाण टाकली होती का हो? तो तुमच्या मानाचा वाटेकरी! त्याचा पाय सुजला होता तर सुजू द्यायचा होता, मी बघितला असता की दवाखान्यात! मी काय मेले होते? पाच महिने मी तुमच्या मागं लागले ते काय त्याला काठी मिळावी म्हणून?" पंगतीतले लोक जेवायचे थांबले. भाई मागून हळूच म्हणाले, "मॅडम, मॅडम." डॉक्टरनं असं बोलू नये, हे मला कळत होतं, पण रागच इतका आला होता. आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं.

हवालदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं मॅडम, रडत हुता त्यो. एवढा बाप्या माणूस, माझ्या उंबऱ्यात बसून रडत हुता. त्याला न्हाई म्हणून मी काठी धरायची, आन ती बी देवाम्होरं?"

माझ्याकडं उत्तरं होती. अर्ध्या द्यायच्या होत्या, त्याला माझ्याकडं पाठवायचं होतं, भाईंना फोन करायचा होता. सगळी बरोबर उत्तरं. ती बाजूला ठेवून मी खाटेच्या कडेला बसले, पिशवीतून गोळ्या काढल्या आणि त्यांच्या बायकोला पाणी आणायला सांगितलं.

तेवढ्यात हलगी जवळ आली. गुलाल उधळत माणसं गल्लीत शिरली, आणि मांडवाच्या वर काठीचा तुरा दिसला. मानाचं घर म्हणून काठी दारात थांबली. हवालदार उठायला लागले. मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी बायकोच्या खांद्याला धरलं आणि एका पायावर उड्या टाकत दारापर्यंत गेले. चुलतभाऊ घामानं निथळत होता. त्यानं यांच्याकडं बघितलं नाही, नजर वर तुऱ्याकडंच ठेवली. दारापुढं काठी झुकवायची असते. ती झुकली आणि जरा कलली.

"डावा दोर ढिला हाय रं! वढा त्यो!" हवालदार ओरडले.

दोर ओढला गेला, काठी सरळ झाली, आणि मिरवणूक पुढं गेली. हवालदार एका पायावर तसेच उभे होते, काठी देवळाच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत. मग आम्ही दोघींनी त्यांना आणून खाटेवर बसवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही.

पाय उशीवर ठेवत त्यांनी विचारलं, "मॅडम, पाय उतरल्यावर त्या गोळ्या घ्यायच्या का आता?"

"घ्यायच्या. मोठी तर बंदच करायची नाही. रोज."

"काठी तर गेली. मग कशापायी?"

दिवाळीपासून मी या माणसाला दर वेळी काठीचंच नाव घेऊन गोळी घ्यायला लावत होते. दुसरं कारण मी कधी दिलंच नव्हतं. पाण्याचा तांब्या घेऊन त्यांची बायको उभी होती, तिनं तो खाली ठेवला.

"औंदा सगळा हिवाळा माझ्याबरुबर रानात आलासा," ती म्हणाली. "सात वर्सांत कवा आला न्हवता. त्यापायी घ्या."

हवालदार तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केला, आणि मी त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली.